आपली राईड काढली म्हणे! मग नेहमी जाणाऱ्यांनी आता करायचं काय?

मध्यंतरी आईला आणि भाच्याला घेऊन एका वॉटर पार्कला गेले होते. नाव नाही सांगत, मुंबईपासून दोनेक तासांवर आहे एवढं पुरे. गेटवर बॅग तपासली, घरून आणलेले ठेपले बाहेर काढायला लावले (ते दरवेळचंच), लॉकर घेतला, कॉस्च्यूमचं डिपॉझिट भरलं आणि पाय आपोआप डावीकडे वळले, कारण डावीकडे बदामाचं झाड आणि त्याला धरून सिमेंटचा गोल कट्टा. अकरा वर्षं आम्ही त्याच कट्ट्यावर टॉवेल टाकतोय, आई तिथेच बसते, पोरं स्लाईडवरून थेट तिच्याकडे पळत येतात आणि ती प्रत्येकाचं डोकं खसाखसा पुसून परत पाठवते. ह्या वेळी कट्टाच नाही! झाड आहे, पण त्याच्याभोवती पांढऱ्या पडद्यांच्या चार टपऱ्यांसारखं काहीतरी, आत गादीच्या खुर्च्या आणि बाहेर भाड्याचा बोर्ड. तिथे उभ्या असलेल्या पोराला विचारलं, "अरे, इथला कट्टा कुठे गेला?" तर तो म्हणतो, "कुठला कट्टा मॅडम?" दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेला, त्याला काय माहीत.

भाचा म्हणाला, "आत्या, चल ना, स्लाईड तर सगळ्या आहेत." बरोबरच होतं त्याचं, एकही स्लाईड कमी झाली नव्हती, उलट एक वाढली होती. तरी माझा अख्खा दिवस चिडचिडीत गेला आणि आई एका प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हाप्रमाणे सरकत सरकत बसली.

घरी आल्यावर विचार केला की हे पहिल्यांदा होत नाहीये आणि फक्त माझंच होत नाहीये. जे लोक एखाद्या पार्कला पुन्हा पुन्हा जातात ते सगळे कधी ना कधी ह्यातून जातात, इथे पण आणि तिकडे अमेरिकेत डिस्नेला जाणारे पण. म्हणून म्हटलं जरा नीट लिहून काढू, म्हणजे पुढच्या वेळी काहीतरी बदललं की नुसता त्रागा करून येण्यापेक्षा काय करायचं ते तरी माहीत असेल.

आधी एक कागद घ्या

खरंच घ्या, किंवा मोबाईलवर लिहा. त्या पार्कमधला तुमचा नेहमीचा दिवस गेटपासून गेटपर्यंत लिहून काढा. पहिल्यांदा येणारा माणूस सगळ्या राईड करायच्या म्हणून येतो. नेहमीवाल्याचं तसं नसतं, त्याचा दिवस लावून ठेवलेला असतो, आधी ही राईड मग ती, मग ह्या स्टॉलवरचा वडा, मग पाऊण तास सावलीत, मग पोरांना सोडून आपण मोठ्या राईडला. एखादी गोष्ट काढली की ही सगळी माळ तुटते आणि आपल्याला वाटतं की राईड गेली म्हणून वाईट वाटतंय. लिहून काढलंत की कळतं नेमका कुठला मणी गेला ते. माझ्या कागदावर अकरा गोष्टी होत्या, त्यातली एकच गेली होती, पण बाकीच्या सहा त्या एकीवर टेकलेल्या होत्या.

आम्ही मालाडचे. आमच्या लहानपणी पार्क म्हणजे एकच, गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ ला सुरू झालं, १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम आलं, आणि २०२२ ला एस्सेलवर्ल्ड बंद झालं. बंद झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर जुने फोटो येत होते, झिपर डिपर राईडच्या लाईनीत काकाने घातलेली ती बेलबॉटम वगैरे. तेव्हा मी पण असाच कागद काढला असता तर लवकर कळलं असतं की मला राईडपेक्षा जास्त आठवतं ते मालाड स्टेशनवरून २७२ नंबरची बस, मार्वेची जेट्टी, सुक्या मासळीचा वास आणि बोट निघाली की बाबांनी शर्टाच्या खिशातली तिकिटं पुन्हा एकदा चाचपून बघणं. आता हे सगळं काय पार्कच्या मालकीचं नव्हतं. वॉटर किंगडम चालू आहे, बाजूला २००९ पासून ग्लोबल पॅगोडा आहे, आणि बोट अजून जाते. गेल्या वर्षी आईला त्या बोटीतून पॅगोडा बघायला नेलं, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, आई पूर्णवेळ बाबांबद्दलच बोलत होती.

म्हणजे कागदावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एवढंच लिहा, ही अजून मिळते का, आणि मिळत असेल तर कुठे. बघा, निम्मी यादी तरी शाबूत निघेल.

बंद आहे की काढली?

हे आधी नक्की करा, कारण निम्मी बोंबाबोंब इथेच फुकट जाते. मोठ्या रोलर कोस्टरच्या गाड्या ठरावीक काळाने पूर्ण सुट्या करतात, चाकं, बेअरिंग, लॉक, वेल्डिंग सगळं तपासतात आणि त्याला आठवडे लागतात, कधी महिने. त्या वेळी ट्रॅकवर गाडी दिसत नाही आणि आपल्याला वाटतं खेळ खल्लास. साधी खूण अशी की पार्कच्या नकाशात किंवा वेबसाईटवर राईडचं नाव आहे पण पुढे बंद लिहिलंय तर बहुतेक मेंटेनन्स. नावच गायब असेल तर ती गेली असं धरून चाला. आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, "उद्या कुठल्या राईड बंद आहेत?" असाच प्रश्न विचारा, "सगळ्या चालू आहेत ना" असं नका विचारू, कारण त्याला समोरून "हो मॅडम" हेच उत्तर येणार.

आता खरंच बदल असेल तर तो कुठल्या जातीचा ते बघा.

काही वेळा मशीन तेच राहतं, कपडे बदलतात. डिस्नेच्या स्प्लॅश माउंटनचं तसंच झालं. लाकडाच्या ओंडक्यात बसून पाण्यातून जायचं आणि शेवटी धबाक् करून खाली. ती राईड १९४६ सालच्या एका सिनेमावर बेतलेली होती, त्यात काळ्या लोकांचं जे चित्रण होतं त्यावर कित्येक वर्षं टीका होत होती, शेवटी २०२० मध्ये कंपनीने विषय बदलणार असं जाहीर केलं. फ्लोरिडातली राईड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली आणि जून २०२४ मध्ये तिथेच टियानाज बायू ॲडव्हेंचर सुरू झाली, पाणी तेच, शेवटची उडी तीच, गोष्ट आणि गाणी वेगळी. शेवटच्या दिवशी लोकांनी काय केलं असेल? बरण्या भरभरून त्या राईडचं पाणी नेलं आणि ऑनलाईन विकायला काढलं! आपण गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत आणून देव्हाऱ्यात ठेवतो, त्यामुळे मला हसायचा काही अधिकार नाही. पण अशा बदलात माझं मत स्पष्ट आहे, कारण पटत असेल तर रडू नये. लहानपणीची आठवण आपली असते, तिच्यासाठी दुसऱ्याच्या पोराने अपमान का सोसायचा.

काही वेळा मशीनच जातं. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये किंगडा का नावाचं कोस्टर होतं, ४५६ फूट उंच, २००५ ला आलेलं, जगातलं सगळ्यात उंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीझन संपता संपता ते फिरलं आणि त्यानंतर कंपनीने सांगितलं की आता ते कायमचं बंद, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडलं पण. म्हणजे शेवटची फेरी मारणाऱ्यांना माहीतच नव्हतं की ही शेवटची. नेहमी जाणाऱ्यांना जे लागलं ते हे लागलं. राईड जुनी होते, पार्ट मिळत नाहीत, खर्च परवडत नाही, हे सगळं लोक समजून घेतात हो, पण निरोप घेऊ दिला नाही की माणूस दुखावतो.

आणि तिसरी जात म्हणजे माझा कट्टा. जिथे राईड नव्हतीच, नुसतं बसायला होतं, ते जातं. ह्याची बातमी सहसा होत नाही. एकदाच मोठी झालेली मला माहितीये, जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम ह्या डिस्नेच्या पार्कातली नदी, तिच्यातली वाफेची बोट आणि मधलं बेट, सगळं कायमचं बंद केलं, तिथे मोटारींच्या विषयाच्या नव्या राईड होणार आहेत. १९७१ पासूनची नदी. रोमांच वगैरे काही नव्हतं तिथे, संथ बोट, पाणी, झाडं, वारा, आणि मोठ्या राईडच्या गोंगाटापासून जरा सुटका. कंपनीच्या हिशोबात ती जागा रिकामी, आणि जो दहाव्यांदा येतो त्याला त्याच जागेसाठी यायचं असतं! पहिल्यांदा येणाऱ्याला पार्कमध्ये बसायला वेळच नसतो, त्यामुळे बसायच्या जागेची बाजू घेणारे आपणच, दुसरं कोणी नाही.

शेवटची फेरी कशी मारायची

मुंबईकरांना हे खरं तर शिकवायला नको. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची डिझेलवाली डबल डेकर शेवटची धावली तेव्हा लोकांनी बसला हार घातले, फोटो काढले, ज्यांना त्या रूटवर काही काम नव्हतं ते पण चढले. तसंच करायचं. फक्त काही गोष्टी सांभाळा.

शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्याच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार पकडा. शेवटच्या दिवशी फक्त रांग मिळते. सकाळी गेट उघडल्या उघडल्या एक फेरी मारा आणि अंधार पडल्यावर एक, कारण दोन्ही वेगळ्या राईड असतात. एका फेरीला मोबाईल खिशात ठेवा, खरंच ठेवा, मी एकदा अख्खी राईड स्क्रीनमध्ये बघितली आणि आता माझ्याकडे चार मिनिटांचा हललेला व्हिडिओ आहे आणि डोक्यात काहीच नाही. फोटो काढायचेच असतील तर राईडचे काढू नका, ते नेटवर ढिगाने मिळतात. रांगेतल्या रेलिंगचा काढा, जिथे रंग हात लागून लागून उडालाय, उंची मोजायच्या पट्टीचा काढा जिथे तुमच्या पोराला दोनदा परत पाठवलं होतं, ते कोणीच काढलेलं नसतं.

आणि राईड चालवणाऱ्या माणसाशी बोला. आम्ही एकदा एका छोट्या पार्कात असंच एका झुल्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो, तिथले काका सोळा वर्षं तेच एक बटण दाबत होते. भाच्याने विचारलं, "काका, तुम्ही बसलात का कधी ह्यात?" म्हणाले, "पहिल्या दिवशी बसलो होतो, उलटी झाली, परत नाही." मग आम्ही सगळे हसलो आणि त्यांनी आम्हाला दोन राउंड जास्त दिले. ती फेरी मला आजपर्यंत बसलेल्या सगळ्या कोस्टरपेक्षा जास्त आठवते.

नवीन आलेल्याला कसं तपासायचं

पहिल्या महिन्यात जाऊन मत बनवू नका. नवीन राईड सारखी थांबते, स्टाफला सवय नसते, रांग दीड-दोन तासांची असते आणि दीड तास उभं राहिलं की माणूस कशालाच चांगलं म्हणत नाही. दोन-तीन महिन्यांनी जा, गर्दी नसलेल्या दिवशी, आणि बरोबर असं एक माणूस न्या ज्याने जुनी राईड बघितलेलीच नाही. राईडमध्ये तुम्ही समोर बघू नका, त्याच्या तोंडाकडे बघा. तो ओरडतोय, हसतोय, उतरल्यावर परत चल म्हणतोय, तर राईड चांगली आहे, मग आपल्याला काही का वाटेना. जुनीशी तुलना करायला तिसऱ्या फेरीपासून सुरुवात करा, त्याआधी केलीत तर जुनी प्रत्येक वेळी जिंकणार, कारण तिच्यात बाबा आहेत, बेलबॉटम आहे, नवीन बिचारीकडे काय आहे.

मी खोपोलीच्या इमॅजिकाचं सांगते. २०१३ ला उघडलं तेव्हा आमच्यातल्या जुन्या गोराईवाल्यांनी नाकं मुरडली होती, एवढ्या लांब एक्स्प्रेसवेने कोण जाणार, बोट नाही काही नाही. मग तिथल्या नायट्रो कोस्टरमध्ये बसलो, पायाखाली फरशीच नाही, पाय हवेत लोंबकळतायत, चप्पल काढून बसायचं, आणि खाली उतरल्यावर माझा भाऊ (तेव्हा वय ३६) परत लाईनीत पळत गेला. आता त्याचा पोरगा तिथला नेहमीवाला आहे, त्याचा पण दिवस ठरलेला आहे, डीप स्पेस कधी करायचं, राजासॉरसमध्ये भिजायचं ते दुपारनंतरच वगैरे. २०२२ मध्ये पार्कची मालकी संगमनेरच्या मालपाणी ग्रुपकडे गेली तेव्हा हाच पोरगा मला विचारत होता, "आत्या, आता ते सगळं बदलतील का?" आठ वर्षांचा होता! म्हणजे ही काळजी वयावर नसते, फेऱ्यांवर असते.

आता एक कामाची गोष्ट, जी पहिल्यांदा येणाऱ्याला कधीच कळत नाही आणि आपल्याला लगेच कळू शकते. गाडी मोजा. एका गाडीत किती सीट आणि दोन गाड्या सुटण्यामध्ये किती मिनिटं, एवढंच. समजा २८ सीट आणि दर ३ मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला २० फेऱ्या, ५६० माणसं. रांगेच्या एका पट्टीत किती माणसं उभी आहेत मोजा, पुढच्या पट्ट्यांनी गुणा, २८० आली तर अर्धा तास लागणार, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. हे दोन-तीन वेळा केलंत की एक दिवस लक्षात येईल की अरे, आधी दोन गाड्या चालायच्या, आता एकच चालतेय, तासाला निम्मी माणसं, रांग दुप्पट. राईड तीच, तिकीट तेच किंवा जास्त, आणि बदल कुठेही जाहीर नाही! असे गुपचूप बदल पकडायला नेहमी जाणारेच लागतात, आणि माझ्या मते राईड काढण्यापेक्षा हे वाईट, कारण काढलेली राईड निदान दिसते तरी.

रांगेचे पैसे

ह्याच्यावर सगळ्यात जास्त डोकी तापतात. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता, मशीनमध्ये तिकीट घातलं की तासाभराची वेळ छापून यायची, त्या वेळेत या आणि छोट्या रांगेतून आत जा. नेहमीवाल्यांनी त्याच्यात पीएचडी केली, कुठल्या मशीनवर किती वाजता जायचं ह्याचे तक्ते लोकांना पाठ. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली, फ्लोरिडात सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर, आणि २०२४ मध्ये तिचं नावही बदललं. म्हणजे जे आधी अनुभवाने मिळायचं ते आता पाकिटाने मिळतं, वीस वर्षांची हुशारी एका झटक्यात बाद. राग का येतो कळलं ना?

आपल्याला हे काय नवीन नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचं शीघ्र दर्शन आहेच. तिथे आपण बिनबोभाट भरतो कारण परत कधी येणार माहीत नसतं. पार्कचं गणित पण तेच आहे, वर्षातून एकदा येणारी फॅमिली भरून टाकते, महिन्यातून एकदा येणाऱ्याला दरवेळी भरणं परवडत नाही. मग काय करायचं, तर गर्दीच्या दिवशी जाणंच सोडायचं. मे महिना, दिवाळीची सुट्टी, ख्रिसमस ते न्यू इयर, लाँग वीकेंड, हे दिवस पहिल्यांदा येणाऱ्यांना देऊन टाका. शाळा सुरू झाल्यानंतरचा मधला वार घ्या, एक दिवस पोराची शाळा बुडाली तर काही बिघडत नाही (हे त्याच्या आईला सांगू नका, ती शिक्षिका आहे). अशा दिवशी फास्ट लाईन आणि साधी लाईन ह्यात फरकच राहत नाही.

पासचं पण तसंच, भावनेत रिन्यू करायचा नाही. समजा एका दिवसाचं तिकीट १,५०० आणि पास ६,००० चा, तर चार फेऱ्यांत वसूल असं आपण म्हणतो. पण प्रत्येक फेरीला टोल, पेट्रोल, लॉकर, जेवण मिळून चौघांचे किती गेले ते पण लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं की तिकीट हा खर्चातला लहान भाग होता, आणि पास फुकट वाटतो म्हणून आम्ही दोनदा उगाचच गेलो होतो. शिवाय पासचे नियम बदलतात ते वाचा, कुठल्या तारखा बंद, आधी बुकिंग लागतं का. कॅलिफोर्नियात डिस्नेने जानेवारी २०२१ मध्ये जुने वार्षिक पास पूर्ण बंद केले आणि ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाने नवीन आणले, त्यात यायच्या आधी दिवस बुक करणं आलं. ज्यांना ऑफिसातून सुटल्यावर सहज दोन तास जाऊन यायची सवय होती त्यांची सवयच मोडली.

तक्रार लिहायची तर अशी

"पहिल्यासारखं राहिलं नाही" हे वाक्य लिहू नका. त्याचं कोणी काही करू शकत नाही, तो वाचणारा तर "कुठला कट्टा" म्हणणारा पोरगाच असणार. काय गेलं, त्यामुळे तुम्ही काय केलं नाही आणि काय हवंय, एवढंच लिहा. माझं मी असं लिहिलं: बदामाच्या झाडाखालचा कट्टा काढल्यामुळे ७१ वर्षांच्या आईला सावलीत बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही साडेपाचऐवजी तीनला निघालो, संध्याकाळचा नाश्ता आत घेतला नाही, भाड्याच्या खोल्यांपैकी तीन दिवसभर रिकाम्या होत्या, झाडाच्या मागच्या बाजूला दोन बाक टाकले तरी चालतील. तारीख, वेळ, तिकीट नंबर. संपलं. ते "तीनला निघालो" आणि "नाश्ता घेतला नाही" हे महत्त्वाचं, कारण पार्कला आपली हळहळ कळत नाही, आपण लवकर गेलो हे लगेच कळतं.

आरडाओरडा करून होतं का काही? होतं कधी कधी. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूर-कळव्याचे लोक साध्या लोकलच्या जागी एसी लोकल लावल्या म्हणून स्टेशनवर उतरले आणि मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. पण ती लोकं रोज जाणारी, त्यांना दुसरी गाडीच नाही. पार्कला जाणाऱ्याचं तसं नाही, आपण नाही गेलो तर कोणाचं ऑफिस चुकत नाही. १९९७ मध्ये डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कातली मिस्टर टोड्स वाइल्ड राईड काढणार असं कळल्यावर लोक हिरवे टीशर्ट घालून पार्कात जमले, राईड वाचवा म्हणून, महिनोन् महिने. सप्टेंबर १९९८ मध्ये ती बंद झालीच, पुढच्या वर्षी तिथे विनी द पूहची राईड आली. मात्र त्या नव्या राईडच्या आत एका भिंतीवर एक चित्र लावलंय, टोड (जुन्या राईडमधला बेडूक) पूहच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात जागेचे कागद देतोय. सातबाराच म्हणा ना! आणि कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली टोडची राईड १९५५ पासूनची, ती आजही चालू आहे.

अशा खुणा शोधायचा नाद लावून घ्या, हा माझ्यासारख्या चिडक्या माणसावरचा सगळ्यात चांगला उपाय. कुठल्याही जुन्या पार्कात असतात. बुजवलेल्या रांगेचे फरशीवर उरलेले भोकांचे ठिपके, जुन्या राईडचं नाव अजून असलेला इलेक्ट्रिकचा डबा, दुकान झालेल्या जागेचं अजून तिकीट खिडकीसारखं दिसणारं दार. पोरांना शोधायला लावा, एका खुणेला एक कुल्फी. भाच्याने त्या दिवशी पार्कात पाच काढल्या, त्यातली एक म्हणजे बदामाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा अर्धवट तुटलेला गोल, पडद्याच्या मागे. तो वाकून आत शिरला आणि ओरडला, "आत्या, आजीचा कट्टा!"

तक्रारीला आठव्या दिवशी उत्तर आलं, आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे वगैरे, बाकांचं काही नाही. मग मी फोन केला आणि विचारलं की ज्येष्ठ माणसाला घरून फोल्डिंगची खुर्ची आणू देता का. समोरची मुलगी दोन मिनिटं कोणाला तरी विचारायला गेली, परत आली, म्हणाली, "आणा मॅडम, गेटवर दाखवा फक्त." नाव आणि वेळ लिहून घेतलीये. खुर्ची घरात आहेच, गच्चीवरची, निळ्या पट्ट्यांची, आणि झाडाची मागची बाजू दुपारी बारानंतर सावलीत येते हे भाच्याने बघून ठेवलंय. आता गेटवर परत ठेपल्यांवरून वाद नको म्हणून ह्या वेळी फक्त खुर्चीच नेणार.